हळकुंड चालतं

आमच्या स्कॅन सेंटरच्या चेंजिंग रूममध्ये, लॉकरच्या वरच्या फळीवर हॉर्लिक्सची एक जुनी बाटली आहे. तिच्यात पाच-सहा हळकुंडं आणि पिवळ्या दोऱ्याचा गुंडा. नव्या माणसाला वाटतं, कुणीतरी पूजेचं सामान इथं विसरून गेलं. पण ते आमच्या कामाचं सामान आहे. इअरप्लगचं खोकं जितकं कामाचं, तितकीच ती बाटली.

मी मिरजेत एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. चौदा वर्षं झाली. आमच्या गावात दवाखान्यांचा सुकाळ, त्यामुळे सांगली-कोल्हापूरपासून अथणी-चिकोडीपर्यंतचा पेशंट इथं येतो. कुणी मला सिस्टर म्हणतं, कुणी मॅडम, एक आजोबा तर 'फोटोवाल्या बाई' म्हणायचे. ओळखीतले लोक विचारतात, "म्हणजे तू नक्की करतेस काय?" सुरुवातीला मी चुंबक, रेडिओ लहरी, हायड्रोजन असं काहीबाही सांगत बसायचे. आता सांगते, "लोकांना अंगावरचं काढून ठेवायला लावते." ऐकणारा हसतो. पण दिवसाचा हिशेब मांडला तर निम्मा वेळ खरंच त्यात जातो.

बाटली आली त्याची गोष्ट अशी. नोकरीला लागून तीन-चार महिने झाले असतील. कवठेमहांकाळकडच्या एक आजी मेंदूच्या स्कॅनला आल्या होत्या. इरकली लुगडं, ठसठशीत कुंकू, गळ्यात दोन वाट्यांचं डोरलं. मी पाठ केल्यासारखं बोलून गेले, "आजी, डोरलं, जोडवी, कानातलं सगळं काढून ठेवा." आजी जागच्या हलेनात. जरा वेळानं म्हणाल्या, "मालक तिकडं आयसीयूत हाईत. आन् मी हितं गळा मोकळा करू व्हय?"

मी काय करावं? मी त्यांना फिजिक्स सांगितलं. चुंबक कसं असतं, तार कशी तापते, चित्र कसं बिघडतं. आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पदर गळ्याभोवती आणखी आवळला. बाहेर तीन पेशंट ताटकळलेले, रिपोर्टिंग रूममधून सरांचा दोनदा फोन येऊन गेलेला. तेवढ्यात आमच्या आयाबाई, ज्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो, काही न बोलता बाहेर पडल्या आणि समोरच्या किराणा दुकानातून एक हळकुंड घेऊन आल्या. ड्रेसिंगच्या सामानातला सुती दोरा घेतला, चिमूटभर हळद पाण्यात कालवून त्याला फासली, मधोमध हळकुंड बांधलं आणि आजींच्या गळ्यात घातलं. म्हणाल्या, "आता काढा." आजींनी डोरलं काढलं, कपाळाला लावलं आणि माझ्या ट्रेमध्ये ठेवलं. दोन मिनिटांचं काम.

डोरलं तुटलं, दुरुस्तीला दिलं, गहाण पडलं की बायका गळ्यात हळकुंड बांधतात हे मला माहीत नव्हतं थोडंच? माझ्या आजीनं बांधलेलं मी पाहिलंय. पण युनिफॉर्म चढवला की घरचं शहाणपण घरीच राहतं. कोर्समधल्या सेफ्टीच्या धड्यात हळकुंड नव्हतं, म्हणून मला ते सुचलं नाही. मावशींनी तो धडा वाचला नव्हता. तेव्हापासून बाटली भरलेली असते. सांगलीच्या पेठेत हळदीला काय तोटा! 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी मी मावशींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "म्हंजे आता आपली बाटली बी सरकारमान्य."

यात एक गंमत आहे. सोनं चुंबकाकडे ओढलं जातच नाही. चांदीही नाही. ती काढायला लावायची कारणं निराळी. स्कॅन चालू असताना ज्या रेडिओ लहरी सोडतात, त्यांनी धातूच्या वेढ्यात करंट फिरतो, धातू तापतो, कातडी भाजू शकते. आणि धातूच्या आजूबाजूचं चित्र असं फाटतं की मानेच्या मणक्यांच्या जागी काळं भोक दिसतं. शिवाय सोनं म्हणून घातलेलं सगळं सोनं असतंच असं नाही. आतल्या तारेचं, कडीचं, फिरकीचं खरं रूप चुंबकासमोर उघडं पडतं. पण आमची खरी धास्ती असते ती डोरल्याला अडकवलेल्या सेफ्टी पिनांची. बायका लाखाचा ऐवज नवऱ्याला साक्षीला ठेवून, दोनदा मोजून माझ्या ताब्यात देतात, आणि झंपरच्या आतली पिन विसरतात. ती पिन खरी उडते. रुपयाचं स्टीलचं नाणंही उडतं.

पुरुषांचं वेगळंच. खिसे रिकामे करा म्हटलं की पाकीट आणि मोबाईल निघतो. पुन्हा म्हटलं की किल्ल्या. तिसऱ्यांदा म्हटलं की नेलकटर आणि बिडीचा लायटर. म्हणून मी तीनदाच म्हणते, चौथ्यांदा स्वतः चाचपते, आणि शेवटी हातातला डिटेक्टर फिरवते. ताईत, करदोट्यात अडकवलेली पेटीची किल्ली, कवळी, कानातलं मशीन, दंडावरचं कडं. वारकऱ्यांची तुळशीची माळ मात्र मी काढायला लावत नाही. लाकूड आणि दोरा, फक्त गाठीपाशी धातूचा आकडा नाही ना ते बघते. माळकरी माणूस "माळ राहू दे" हे शब्द ऐकून जो सुस्कारा टाकतो, त्यानं त्याची निम्मी भीती तिथंच उतरते. स्कॅन सुरू व्हायच्या आधीच आपलं काम सोपं झालेलं असतं.

जोडव्यांची कथा लांब आहे. ज्यांनी लग्नात घातलेली जोडवी पुन्हा कधी काढलीच नाहीत अशा बायका आठवड्याला दोन-तीन तरी येतात. पाय सुजलेला, बोटाचं कातडं दोन्ही बाजूंनी जोडव्यावर चढलेलं. आधी साबणाचं पाणी, मग खोबरेल. तेवढ्यानं नाही जमलं तर दोरा. दोऱ्याचं एक टोक जोडव्याखालून सरकवायचं, उरलेला दोरा बोटाच्या टोकापर्यंत घट्ट, शेजारी-शेजारी वेढे देत गुंडाळायचा, आणि मग खालचं टोक धरून हळूहळू उलगडत यायचं. एकेक वेढा सुटतो तसं जोडवं एकेक पाऊल पुढं येतं. बोट निळं पडायच्या आत हे उरकायला लागतं. एका आजींचं जोडवं असं निघालं तेव्हा खाली पांढरीफटक खाच होती. चाळीस-बेचाळीस वर्षं ऊन न लागलेली कातडी. आजी बराच वेळ वाकून त्या बोटाकडे परक्याच्या बोटाकडे बघावं तसं बघत राहिल्या. मग मला विचारलं, "ह्ये माझंच न्हवं?"

एवढा जाच कशासाठी, तर त्या बारा-पंधरा पावलांवरच्या खोलीसाठी. आमचं मशीन 1.5 टेस्लाचं आहे. पृथ्वीच्या ज्या चुंबकत्वावर होकायंत्र चालतं, त्याच्या तीसेक हजार पट. आत तारेची वेटोळी असतात आणि ती द्रवरूप हेलियममध्ये उणे 269 अंशांच्या आसपास बुडवून ठेवलेली असतात. इतक्या थंडीत त्या तारेचा विरोध शून्य होतो. एकदा सोडलेला करंट मग फिरतच राहतो. म्हणून हे चुंबक कधी बंद नसतं. रात्री नाही, रविवारी नाही, गणपतीच्या सुट्टीत नाही. लाईट गेली, जनरेटर गेला, कॉम्प्युटर काळा पडला, तरी चुंबक आपलं जागं. हे लोकांच्या गळी उतरवणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात अवघड भाग. "मॅडम, मशीन बंदच आहे की, जरा आत जाऊन आजोबांना चादर देऊन येतो." मशीन बंद दिसतं, म्हणून माणसं मरतात.

हे मी वाढवून सांगत नाही. 2001 साली न्यूयॉर्कजवळच्या एका रुग्णालयात सहा वर्षांचा मुलगा मशीनमध्ये झोपलेला असताना ऑक्सिजनचा सिलिंडर खोलीत आणला गेला. तो उडून मुलाच्या डोक्यावर आदळला, मुलगा वाचला नाही. 2018 च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात नातेवाइकाबरोबर आलेला तरुण हातातल्या सिलिंडरसकट ओढला गेला आणि दगावला. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या सेंटरमध्ये कुणी फारसं बोललं नाही. मावशींनी दारावरची 'लोखंड आत नेऊ नये' ही पाटी ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केली, बास.

खोलीत भिंतीवर लाल बटण आहे, झाकणाखाली. ते दाबलं तर हेलियम उकळून छपरावरच्या नळीतून बाहेर पडतं आणि चुंबक मरतं. एक लिटर द्रव हेलियमचा सातशेहून जास्त लिटर वायू होतो. नळी तुंबलेली असेल तर तो खोलीत पसरून श्वासच हिरावून घेईल. ते बटण दाबायचं फक्त माणूस अडकला तर. खर्च लाखांत. चौदा वर्षांत मी त्या झाकणावरची धूळ तेवढी पुसली आहे.

आता माझी चूक सांगते, नाहीतर मी फारच शहाणी वाटायचे. पहिल्या वर्षातली गोष्ट. एका पेशंटच्या हातावरची सुई चिकटपट्टीनं नीट बसवली, पट्टी कापायची छोटी कात्री सवयीनं एप्रनच्या खिशात टाकली आणि पेशंटच्या आधी टेबल तयार करायला आत गेले. दारातून तीन-चार पावलं टाकली असतील. खिसा पुढं ओढल्यासारखा वाटला. कुणी लहान मूल पदर ओढतं ना, तसा. मी खाली बघेपर्यंत कात्री निघून गेली होती. 'निघून गेली' हाच शब्द बरोबर आहे. पडली नाही, उडालीही नाही, निघून गेली. खण्ण आवाज झाला आणि पेशंटला आत सरकवतो त्या मशीनच्या बोगद्याच्या कडेला ती चिकटून बसली. पेशंट अजून बाहेर होता, एवढंच माझं नशीब. पायातलं त्राण गेलं. सिनिअर सरांनी ती कात्री दोन्ही हातांनी कडेकडेनं सरकवत सोडवून आणली. ओरडले नाहीत. संध्याकाळी जाताना ती माझ्या हातात ठेवून म्हणाले, "देव्हाऱ्यात ठेव." देव्हाऱ्यात नाही, पण माझ्या लॉकरमध्ये ती अजून आहे. तेव्हापासून माझ्या एप्रनला खिसेच नाहीत. शिंप्याकडून शिवून टाकले.

अंगावरचं निदान दिसतं तरी. अंगातलं विचारूनच काढावं लागतं. आमच्या फॉर्मवर ते प्रश्न आहेत: पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप आहे का, कानात इम्प्लांट आहे का, दिवस गेलेत का, किडनीचा त्रास आहे का. लोक फॉर्म कसा भरतात ते मला ठाऊक आहे. वरपासून खालपर्यंत 'नाही, नाही, नाही'. बँकेच्या फॉर्मवर सह्या करतात तसं. म्हणून फॉर्म भरून आला की मी तो बाजूला ठेवते आणि गप्पा मारते. "ऑपरेशन झालंय का?" या प्रश्नाला "नाही" म्हणणारी बाई "मुलं किती? सिझर का?" म्हटलं की "सिझर, आणि अपेंडिक्स, आणि हातात सळी" असं सांगायला लागते. पेसमेकर म्हटलं तर आजोबांना कळत नाही, "छातीत बॅटरी बसवलीय का?" म्हटलं की लगेच कळतं. आणि वजन. रेडिओ लहरींची उष्णता किती सोसेल हे मशीन वजनावरून ठरवतं, म्हणून खरं वजन लागतं. बायका पाच किलो कमी सांगतात. मी काट्यावर उभं करते.

कुपवाड एमआयडीसीतला माणूस आला की माझा एक प्रश्न ठरलेला. "लेथवर आहात? ग्राइंडिंग, वेल्डिंग केलंय?" आणि मग, "डोळ्यात कधी कीस गेलाय?" निम्मे हसतात. म्हणे, मॅडम, कीस कुणाच्या डोळ्यात गेला नाही ते विचारा. पण तो कण कुणी बाहेर काढला, डॉक्टरनं की शेजारच्यानं रुमालाच्या टोकानं, ते मला हवं असतं. बुबुळामागं राहिलेला लोखंडाचा बारीक कण त्या खोलीत हलला तर दृष्टी जाऊ शकते. शंका आली की आधी डोळ्याचा एक्स-रे. सातारकडच्या एका निवृत्त फौजीनं सगळ्या प्रश्नांना नाही म्हटलं. गुडघ्याचा स्कॅन होता. गाऊन घालून बाहेर आला तेव्हा मांडीवर जुना व्रण दिसला. "हे काय?" "ते होय? एकाहत्तरचं आहे." मग जरा थांबून, "छर्रा आहे की आत अजून. तो माझाच झालाय आता, म्हणून नाही म्हटलं." एक्स-रे काढला, सरांना दाखवला, स्कॅन झाला नाही.

एवढं सगळं पार पडलं की पेशंट टेबलावर येतो आणि तिथं नवीन अडचण: माणसं हात जोडतात. आपली सवयच आहे ती. मोठं, पांढरं, गाभाऱ्यासारखं गार काही समोर आलं की हात आपोआप जुळतात. आत सरकताना छातीवर बोटं गुंफून घेतात. आणि मला ते सोडवावे लागतात, कारण हाताला हात लागला की शरीराचाच एक वेढा तयार होतो आणि करंटला वाट मिळते. कातडीला कातडी टेकलेल्या जागी भाजू शकतं. "काका, हात जोडू नका, बाजूला ठेवा." "देवाचं नाव घेऊ का?" "घ्या की. मनात." पायावर पाय नको, मध्ये उशी. उजव्या हातात रबरी फुगा: काही झालं तर दाबा. संदेश टिपायला डोक्याभोवती जी तारांची चौकट, म्हणजे कॉइल, बसवतो तिला लोक पिंजरा म्हणतात. त्यात वर आरसा असतो, त्यात स्वतःची पावलं दिसतात, दार दिसतं. घाबरणाऱ्याला मी सांगते, डोळे मिटायचे नसतील तर पावलं बघत राहा, ती दिसतायत म्हणजे तुम्ही अजून बाहेरच आहात. हे थोडं खोटं आहे. चालतं.

मग मी काचेच्या अलीकडे येते आणि माझ्याकडे उरतो फक्त आवाज. हलू नका. श्वास घ्या, सोडा, आता थांबवा. सीमेपलीकडच्या पेशंटसाठी कानडीही शिकले. पहिल्यांदा मोठ्या रुबाबात "अलुगाडबेडि" म्हटलं, हलू नका. आतून अथणीच्या मामांचं हसू ऐकू आलं आणि हसण्यानं सगळा सिक्वेन्स, म्हणजे चित्रांची ती फेरी, हलला. बाहेर आल्यावर म्हणाले, पुस्तकातलं बोलता तुम्ही, आमच्याकडं 'ब्याड्री' म्हणतात. आता तसंच म्हणते.

का हलायचं नाही, हे सांगायला मी भोवऱ्याचं उदाहरण देते. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन आहे. त्याच्या प्रत्येक अणूचं केंद्र म्हणजे एक इवलासा भोवरा. चुंबकात आले की हे भोवरे डोलायला लागतात, 1.5 टेस्लाला सेकंदाला सुमारे 6 कोटी 40 लाख वेळा. निम्मे चुंबकाच्या बाजूनं, निम्मे विरुद्ध, एकमेकांना खोडणारे. फरक पडतो तो दहा लाखांमागे जेमतेम पाचांचा. त्या जास्तीच्या पाचांना आपण रेडिओच्या हाकेनं वाकवतो आणि ते परत उभे राहताना जी क्षीण कुजबुज करतात ती ऐकतो. खोलीला भिंतींतून तांब्याचा पत्रा मढवलेला असतो तो यासाठीच. बाहेरचं एकही स्टेशन आत यायला नको. इतकी हळू कुजबुज चाललेली असताना मध्येच कुणी कूस बदलली, तर काय राहणार?

वीस मिनिटं लोकांना फार वाटतात. 1977 च्या जुलैत अमेरिकेत रेमंड डमाडियन यांनी माणसाच्या छातीचा पहिला स्कॅन काढला तेव्हा जवळजवळ पाच तास लागले होते. आधी ते स्वतःच मशीनमध्ये बसले. कॉइलच्या मानानं अंगानं जास्त भरले, संदेश मिळेना. मग एका सडपातळ विद्यार्थ्याला बसवलं. पुढं 2003 साली या तंत्राचं नोबेल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळालं, डमाडियन यांना नाही, आणि त्यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. मला त्या सगळ्या भांडणात तो विद्यार्थीच जवळचा वाटतो. जवळजवळ पाच तास त्या मशीनमध्ये बसून राहिला बिचारा.

आवाजाबद्दल मात्र मला एका पेशंटनं शिकवलं. आत ठोकल्यासारखा जो आवाज येतो तो ग्रेडियंट कॉइलचा. मोठ्या चुंबकात बसवलेल्या या कॉइलमधून करंट झपाझप उलटसुलट फिरवला की त्या थरथरतात. लाउडस्पीकर चालतो त्याच तत्त्वावर, फक्त शंभर डेसिबलच्या वर. मी इतकी वर्षं त्याला 'आवाज' एवढंच म्हणत आले. सतारमेकर गल्लीतले एक चाचा मानेच्या स्कॅनला आले. आयुष्यभर खाली मान घालून घोडीवर जवारी काढलेली. सतारीच्या घोडीचा माथा असा घासायचा की तार त्याला हलकेच चाटत राहावी आणि सूर फुलत जावा, हे ते काम. मिरजेत ही कला शिकलगारांनी उभी केली. तलवारींना धार लावणारे ते हात, लढाया संपल्यावर तंबोऱ्याकडे वळले. मी नेहमीचा प्रश्न विचारला, डोळ्यात लोखंडाचा कण वगैरे? चाचा म्हणाले, "लोखंड आजोबांच्या आजोबांचं. आम्ही भोपळा कापतो, बेटा."

मी इअरप्लग द्यायला गेले तर नको म्हणाले. समजावून दिले. वर हेडफोन लावले. वीस मिनिटं माणूस इतका स्थिर मी क्वचित पाहिलाय, गिळलंसुद्धा जपून. बाहेर आल्यावर टेबलावर तसेच बसून राहिले. मला वाटलं चक्कर येतेय. म्हणाले, "पहिला आवाज पांढरी चारच्या जवळ होता. तिसरा काळी तीनला जरा चढा. तो शेवटचा तर एकाच सुरावर पाच मिनिटं." मी विचारलं, मग कसं वाटलं? चाचांनी मान हलवायचा प्रयत्न केला, दुखली, तोंड वाकडं केलं. "सूर पक्का आहे. पण जवारी नाही तुमच्या मशीनला. स्वर नुसता आपटतो, मागं काही राहत नाही."

त्या दिवसापासून मला सिक्वेन्स कानांनी ओळखू येतात. कॉन्ट्रास्टची, म्हणजे चित्र ठळक करणाऱ्या औषधाची, सुई भरताना पाठीमागं कोणता चालू आहे हे स्क्रीन न बघता कळतं. दरवर्षी मीरासाहेबांच्या उरुसात, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत दर्ग्यात गाणं होतं, तिथं चाचा भेटतात. लांबून दोन बोटं हवेत ठोकून विचारतात, अजून तसंच?

राहिला प्रश्न दिसण्याचा. सगळ्यात आधी मला दिसतं, हे खरं. बाहेर आलेला माणूस माझ्या चेहऱ्याकडे बघतो आणि विचारतो, काय आहे? मी म्हणते, रिपोर्ट सर देतील. तो नियम आहे आणि योग्य आहे. मी चित्र काढते, अर्थ लावणं माझं शिक्षण नाही. यावर लोक फार हळवं होऊन लिहितात. मी एवढंच सांगेन की अशा वेळी मी ट्रे पुढं करते. "तुमचं घड्याळ. तुमची अंगठी. मोजून घ्या." हाताला काम मिळालं की माणूस चेहऱ्यावरून नजर काढतो. स्ट्रोक दिसला तर मात्र मी ट्रेबीट काही बघत नाही, तडक सरांकडे फोन. डिफ्यूजनच्या, म्हणजे पेशींतल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या, चित्रात तो पांढरा ठिपका दिसला की मग घड्याळ चालू झालेलं असतं.

माझं स्वतःचं मंगळसूत्र घरी डब्यात असतं. लग्नानंतर पहिल्या महिन्यात सासूबाईंनी रोज सकाळी मला ते काढताना पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. ते न बोलणं मला चुंबकापेक्षा जड गेलं. पुढं त्यांचाच गुडघा दुखायला लागला. मी त्यांना सेंटरवर नेलं, मावशींनी बाटली उघडली, दोरा बांधला. घरी परत येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "तूपण एक आणून ठेव की तसलं." आणलं नाही. एप्रनच्या आत दोरा घामानं टोचतो. पण विचारलं त्यांनी, ते बरं वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात जतकडच्या एक बाई आल्या. पंचेचाळीसच्या असतील. कंबर धरलेली, डाव्या पायात मुंग्या. बरोबर कॉलेजात जाणारा मुलगा, त्याच्या हातात नोटांचं पाकीट. सारखं चाचपून बघत होता. मावशी सवयीनं बाटलीचं झाकण फिरवत पुढं आल्या आणि थांबल्या. बाईंच्या गळ्यात आधीच हळकुंड होतं. नवं नव्हे. दोऱ्याचा पिवळेपणा धुऊन-धुऊन गेलेला, हळकुंडाच्या कडा अंगाला घासून गुळगुळीत झालेल्या. पायांच्या बोटांत नुसत्या खाचा.

मावशींनी झाकण परत लावलं.

मी फॉर्म घेऊन शेजारी बसले. पेसमेकर नाही, ऑपरेशन एक, सळी नाही. दागिन्यांच्या रकान्याशी आले आणि मला काही दुसरं सुचेना, म्हणून जे रोज विचारते तेच विचारलं. "ताई, मंगळसूत्र कुठं काढून ठेवलंय?"

"बँकेत हाय," त्या म्हणाल्या. मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि गळ्यातलं हळकुंड दोन बोटांत धरून विचारलं, "ह्ये चालतंय न्हवं?"

"चालतंय."

"मग झालं." कमरेवर हात ठेवून त्या हळूहळू उठल्या. "आन् तुमचं ते चुंबक बँकेपत्तुर तर पोचत न्हाई?"

"नाही ताई, तिथवर नाही पोचत."

"बरं हाय," त्या म्हणाल्या, आणि चपला दाराबाहेर काढून आत गेल्या.